डावीकडची खरखर

सोमवारी सकाळी सव्वादहाला संस्थेचं पत्र आलं. पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात मुद्दे तीन होते. लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकाची नऊ ते चौदा ही प्रकरणं विद्यार्थ्यांनी परत पाठवली आहेत. दुप्पट वेगावर लावली की ‘शासन’, ‘सचिव’ आणि ‘समिती’ हे शब्द एकसारखेच ऐकू येतात, आणि अख्खं पुस्तक या तीन शब्दांवर उभं आहे. तेव्हा शुक्रवारी अकरा वाजता संस्थेचे परीक्षक स्टुडिओत येतील, प्रत्यक्ष ऐकतील, आणि पुस्तक याच वाचकाकडे ठेवायचं की नाही ते तिथेच ठरवतील.

संस्था दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं तयार करते. तिचे श्रोते साध्या वेगावर सहसा काही ऐकत नाहीत. डोळस विद्यार्थी पानं चाळतो, हे वेग वाढवतात.

स्टुडिओ म्हणजे घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. मालक, ध्वनिमुद्रक आणि झाडलोट करणारा माणूस एकच होता. पुस्तकं वाचणारी बाई म्हणजे त्याची सासू.

पत्र आधी जावयाने वाचलं, मग त्याच्या बायकोने. सासूबाईंना ते कसं सांगायचं यावर दोघांनी स्वयंपाकघरात बराच खल केला. दोघं बाहेर आली तोवर सासूबाईंनी पत्र टेबलावरून उचलून, वाचून, घडी घालून परत ठेवलं होतं.

“शुक्रवारी अकराला ना,” त्या म्हणाल्या. “मी साडेदहाला तयार असेन.”

सासूबाई सव्वीस वर्षं वाचत होत्या. त्याआधी त्या न्यायालयात टंकलेखक होत्या, आणि दुसऱ्याचं वाक्य आहे तसं पोहोचवायची सवय त्यांनी तिथून आणली होती. आजवर दोनशे नऊ पुस्तकं झाली होती. रोज सकाळी नऊला त्या बाहेर जायचे कपडे घालून, हातात पर्स घेऊन, आपल्या खोलीपासून पंधरा पावलांवरच्या स्टुडिओत येत आणि साडेबाराला परत जात. हे काम सुटलं तर सकाळी नऊला त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण सोमवारी त्या साडेबाराला उठल्या नाहीत. दीड वाजेपर्यंत वाचनाच्या खोलीत दिवा बंद करून बसून राहिल्या.

जावयाच्या मते दोष दातांचा होता.

चार महिन्यांपूर्वी, आठवं प्रकरण संपल्यावर आणि नववं सुरू होण्याआधी, सासूबाईंनी वरच्या बाजूचे तीन दात नवे बसवून घेतले. काढता-घालता येणारे. याची घरात वाच्यता होत नसे. आपल्याला हे माहीत नाही, असं जावयाने धरून चालायचं ठरलेलं होतं, आणि तो तसा चालत होता.

नवव्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर ‘सचिवस्तरीय समितीच्या शिफारशी’ असे शब्द आले आणि स्पीकरमधून खरखर आली. सुकलेल्या पाल्यावर पाय पडावा तशी. ‘म’ला नाही, ‘र’ला नाही. फक्त ‘स’, ‘श’ आणि ‘च’ला.

मुद्रणाच्या खोलीची रचना अशी होती की टेबलावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक स्पीकर, दोघांच्या मधोमध भिंतीत काच, आणि काचेपलीकडे माइकसमोर सासूबाई. स्पीकर विजेवर चालणारे, ॲम्प्लिफायर पोटातच असलेले. एकच आवाज दोन्हींतून आला की तो मधून आल्यासारखा वाटतो, म्हणजे इथे तो थेट सासूबाईंच्या तोंडातून येई. खरखर किंचित डावीकडे झुकलेली होती, हे जावयाच्या लक्षात आलं होतं. सासूबाईंचे नवे दातही, समोरून पाहिलं तर, डावीकडेच होते.

हेडफोन लावून त्याने एकदाही ऐकलं नाही. हेडफोनवर ऐकणं म्हणजे भिंग धरून जेवणं, असं तो विद्यार्थिदशेपासून म्हणत आला होता.

त्याने बायकोला सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवते.

“आईच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये,” ती म्हणाली. “सहा खेपा घातल्यात तिने त्या डॉक्टरकडे. बसत नव्हते नीट.”

“अगं, पण सगळे स...”

“तुझ्याकडे एवढी यंत्रं आहेत. त्यातलं एखादं लाव की.”

त्याने लावलं. ‘स’ आणि त्याच्या भावंडांचा जोर कमी करणारा एक फिल्टर असतो. तो मुद्रण झाल्यावर लावायचा असतो, म्हणजे मूळ आवाज शाबूत राहतो. जावयाने तो मुद्रणाच्या आधीच लावला. कारण सासूबाई कधीकधी काम संपल्यावर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत, आणि आपल्या आवाजाला चाललेले उपचार त्यांना पडद्यावर दिसू नयेत अशी त्याची इच्छा होती. नवव्या प्रकरणाला फिल्टर दोनवर होता. बाराव्याला पाचवर. खरखर वाढत गेली तसा तोही वाढत गेला. चौदाव्याला नऊवर होता, आणि त्याच्यावर आकडे दहापर्यंतच होते.

परीक्षक स्वतः ऐकायला येणार म्हटल्यावर त्याला उजव्या स्पीकरची आठवण झाली. मागचं आवाजाचं बटण फिरवलं की ते चरचरत असे. पाहुणे यायच्या आधी बिजागऱ्यांना तेल घालावं, त्या भावनेने त्याने मंगळवारी भोंगेवाल्यांना फोन केला.

भोंगेवाले साठीच्या घरातले. सभांचे भोंगे दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि नाव चिकटलं ते कायमचं. बुधवारी साडेनऊला ते आले, पेटी जमिनीवर ठेवली आणि उभ्यानेच विचारलं, “कुठला?”

“उजवा. बटण चरचरतं. बाकी दोन्ही ठणठणीत आहेत.”

“बाकीचं मी विचारलं नाही.”

त्यांनी बटणाच्या खाचेत औषध फवारलं, ते वीस वेळा इकडून तिकडे फिरवलं आणि चार मिनिटांत काम संपवलं. मग म्हणाले, “आत जाऊन बोला जरा.”

“काही तरी लावतो ना. गाणं लावू?”

“गाण्यात सगळं लपतं. बोला.”

जावई आत गेला. स्वतःच्या आवाजाला गरज नाही म्हणून फिल्टर बंद करून गेला. माइकसमोर उभं राहून म्हणाला, “हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो. एक, दोन, तीन.”

काचेपलीकडून भोंगेवाल्यांनी बोलायचं बटण दाबलं. “पुढे.”

“पुढे कशाला?”

“माइकसमोर सगळे तीनपर्यंतच मोजतात. पुढे मोजा.”

“चार, पाच, सहा, सात.”

“या बाहेर.”

तो बाहेर आला. भोंगेवाले डाव्या स्पीकरकडे बघत होते. “खरखर आहे,” ते म्हणाले.

“ती होय. ती सासूबाईंची आहे.”

“आत्ता आत तुम्ही होतात.”

भोंगेवाल्यांनी त्याला विचार करायला वेळ दिला आणि दरम्यान स्वतःचा चष्मा पुसला.

“डावीकडून येते,” जावई शेवटी म्हणाला. “ते माझ्या लक्षात आलं होतं.”

“एका माइकला डावं-उजवं कळत नाही. हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“सासूबाई आहेत हो.”

“बरं,” भोंगेवाले म्हणाले आणि पेटी पुन्हा उघडली.

दहा वाजता सासूबाई आल्या. आज वाचन नाही असं त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या तरीही कपडे करून, पर्स घेऊन आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. मागोमाग त्यांची मुलगी चहा घेऊन आली. शाळेला सुट्टी होती.

भोंगेवाल्यांची पद्धत अदलाबदलीची होती. आजार घरचा की बाहेरून आलेला, हे आधी ठरवायचं, असं ते म्हणाले. त्यांनी डाव्या स्पीकरची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावली आणि जावयाच्याच मोजणीचं मुद्रण पुन्हा वाजवलं. खरखर डावीकडेच राहिली. म्हणजे वायर, संगणक आणि माइक सुटले. मग त्यांनी आवाज कुजबुजीइतका खाली आणला. खरखरही तेवढीच खाली आली, गेली नाही. म्हणजे स्पीकरला झेपेल त्यापेक्षा जास्त दिलं जातंय, असंही नव्हतं. मग त्यांनी पेटीतून हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानात धरून दुसरं स्पीकरच्या तोंडावरून हळूहळू फिरवलं. जाड आवाजाच्या मोठ्या पडद्यापाशी शांतता होती. वरच्या छोट्या ट्विटरपाशी, जिथून बारीक आवाज निघतात, तिथे ते थांबले.

“सापडलं?” सासूबाईंनी विचारलं.

“गल्ली सापडली. घर अजून सापडलं नाही.”

दोन्ही स्पीकरचे ट्विटर काढून त्यांनी एकमेकांच्या जागी बसवले. खरखर तरीही डावीकडेच. म्हणजे ट्विटरही निर्दोष होता. उरलं पोट. डावा स्पीकर मागून उघडण्यासाठी त्यांनी तो भिंतीपासून ओढला, तेव्हा त्याच्या पाठीला टेकून भिंतीवर टांगलेली एक जाड रजई दिसली.

“ही कुणाची?”

“मी लावली,” मुलगी म्हणाली. “आवाज भिंतीवर आपटू नये म्हणून. याने कुठेतरी वाचलं होतं.”

“कधी?”

“हिवाळ्यात. पाच-सहा महिने झाले.”

भोंगेवाल्यांनी स्पीकरच्या पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावलं आणि काढून घेतलं. “याची उष्णता इथून बाहेर पडते. तुम्ही त्याला पांघरूण घातलंत.”

मुलीने रजई काढून घडी घातली. घडी घालायला तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

वीज काढून भोंगेवाले पाच मिनिटं नुसते बसले. आत साठलेली वीज उतरल्याशिवाय हात घालायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मीटर लावून ती उतरल्याची खात्री केली आणि पाठ उघडली. आत दोन ॲम्प्लिफायर होते, मोठ्या पडद्यासाठी मोठा आणि ट्विटरसाठी छोटा. छोट्याला वीज पुरवणारे कपॅसिटर, बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या, ओळीने चार उभे होते. त्यांतल्या दोघांची डोकी फुगलेली होती.

“हे वाळले,” भोंगेवाले म्हणाले. “साध्या बोलण्याला पुरतात. ‘स’ आला की एकदम ताण येतो, तेव्हा दम लागतो. दम लागला की खरखर.”

त्यांनी चारही बदलले. उरलेले दोघं बरे दिसतात ना, असं जावयाने विचारलं, तर म्हणाले, “तेही त्याच रजईखाली होते.”

डागकाम तपासून झाल्यावर त्यांनी स्पीकर थेट विजेला लावला नाही. मध्ये एक जुना बल्ब जोडला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. तो तसाच उजळून राहिला असता तर आत कुठेतरी घोटाळा आहे असं समजायचं असतं. मग बल्ब काढून स्पीकर नेहमीसारखा सुरू केला. चार, पाच, सहा, सात. चारही आकडे स्वच्छ आले.

“किती दिवस चाललं असेल हे?” सासूबाईंनी विचारलं.

“दिवसांचं नाही. तीन-चार महिने.”

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. जावयाने बल्बकडे पाहिलं. मुलीने चहाचे कप गोळा केले आणि ते घेऊन तिथेच उभी राहिली.

“आता खरं काम लावा,” भोंगेवाले म्हणाले. “जे कामाला बसलं होतं ते.”

जावयाने आठवं प्रकरण लावलं. सासूबाईंचा आवाज दोन्ही स्पीकरांतून धुतल्यासारखा आला. मग चौदावं लावलं. खोलीतले चौघेही अर्धं पान ऐकत राहिले. वाक्यं पुढे सरकत होती, पण काठ गेलेल्या भांड्यांसारखी. ‘शासनाच्या सचिवांनी समितीसमोर’ हे सगळं मिळून एक लांबलचक फुंकर झाली होती.

“हे काय?” भोंगेवाल्यांनी विचारलं.

“हे मी दाबलंय,” जावई म्हणाला. सासूबाईंकडे पाठ करून त्याने फिल्टरबद्दल सांगितलं. दोन, पाच, नऊ. मुद्रणाच्या आधी. मूळ आवाज नाही.

“कशासाठी दाबलं?” सासूबाईंनी विचारलं.

“खरखर होती म्हणून.”

“स्पीकरची.”

“हो. म्हणजे आता कळलं, स्पीकरची.”

भोंगेवाले मान वाकडी करून अजून ऐकत होते. “नऊवर ठेवलं तरी एवढं जात नाही,” ते म्हणाले. “हे नुसतं दाबलेलं नाही. वारा सुटतोय मधून. बाई, तुम्ही एकदा वाचता का? रोज वाचता तसं.”

सासूबाई पर्स घेऊन आत गेल्या. दार लावलं, दिवा लावला, काचेकडे पाठ करून पर्समध्ये काहीतरी ठेवलं, वळल्या, बसल्या आणि वाचू लागल्या. फिल्टर बंद होता, स्पीकर दुरुस्त होता, आणि तरीही सचिव आणि समिती यांना एकमेकांपासून वेगळं काढता येत नव्हतं.

भोंगेवाल्यांनी बोलायचं बटण दाबलं. “बाई, आता दात घालून वाचा.”

जावयाने डोळे मिटले. त्याच्या बायकोच्या हातातले कप एकमेकांवर वाजले. काचेपलीकडे सासूबाई सरळ समोर बघत होत्या, न्यायालयात बघत असतील तशा. मग त्या वळल्या. पर्सचं बटण उघडल्याचा आवाज माइकने टिपला आणि दोन्ही स्पीकरांनी तो सारख्या स्पष्टपणे ऐकवला.

“सचिवस्तरीय समितीच्या शिफारशी,” सासूबाईंनी वाचलं, “शासनाने संपूर्णतः स्वीकारल्या.”

एकेक अक्षर टाचणीने टोचल्यासारखं जागच्या जागी होतं.

“तुम्हाला कसं कळलं?” जावयाने हळूच विचारलं.

“चाळीस वर्षं पुढाऱ्यांची भाषणं ऐकली,” भोंगेवाले म्हणाले. “कोण दात घालून बोलतोय आणि कोण काढून, एवढं कळतं.”

सासूबाई बाहेर आल्या आणि बसल्या नाहीत.

“‘स’ आला की तुम्ही डावा डोळा बारीक करायचात,” त्या जावयाला म्हणाल्या. “काचेतून सगळं दिसतं. मला वाटलं, दात वाजतात. अकराव्या प्रकरणापासून मी काढून वाचतेय.”

“मलाही वाटलं, दात वाजतात.”

“तुम्हाला माहीत होते दात?”

“नाही,” जावई म्हणाला. मग म्हणाला, “हो.”

आता दोघंही एकाच दिशेला वळली.

“तुला दोन्ही माहीत होतं,” नवरा म्हणाला.

“आपलं ठरलं होतं, आईसमोर विषय नको. आई म्हणाली, जावईबापूंना कळता कामा नये. मी कुणालाच नाही सांगितलं.” तिने कप टेबलावर ठेवले. “मला वाटलं, तू थोडं दाबतोयस, ती थोडं काढतेय, मध्ये कुठेतरी जमेल.”

“शाळेत गणितच शिकवतेस ना?” आईने विचारलं.

भोंगेवाल्यांनी पेटी बंद केली. निघताना दारात थांबून म्हणाले, “रजई दुसऱ्या भिंतीला लावा. टाकून नका देऊ, आवाजाला चांगली आहे.”

गुरुवारी सासूबाईंनी नवव्या प्रकरणाची पहिली दहा पानं दात घालून, फिल्टरशिवाय वाचली. संध्याकाळी जावयाने हिशेब मांडला. परत वाचायची सहा प्रकरणं आणि उरलेली चार, रोजच्या वेगाने सात आठवडे लागतील. विद्यार्थ्यांना पुस्तक पाच आठवड्यांत हवं होतं. पण तो पुढचा प्रश्न होता. आधी शुक्रवार.

परीक्षक अकराला दहा कमी असताना आले. पन्नाशीतले, इस्त्रीचा शर्ट, पांढरी काठी. उंबरठा, खुर्ची आणि टेबलाची कड एकेकदा तपासून ते बसले आणि काठी घडी करून मांडीवर ठेवली.

“नमस्कार,” सासूबाई म्हणाल्या. “प्रवास नीट झाला ना?”

“हो. आपण घरातल्याच का? वाचक बाई आल्या नाहीत अजून?”

“मीच वाचक.”

परीक्षकांनी मान किंचित तिरकी केली. “नाही,” ते म्हणाले. “माफ करा, पण त्या तुम्ही नव्हे. मी त्यांच्याकडून पदवी घेतली आहे.”

“कुठली पुस्तकं?”

“अर्थशास्त्र, दोन्ही भाग. तर्कशास्त्र. संख्याशास्त्राची ओळख.”

“तर्कशास्त्रात एकशे बाराव्या पानावर मला खोकला आला होता. तो राहून गेला.”

“खोकला आहे,” परीक्षक सावकाश म्हणाले. “पण त्या फार भरभर बोलतात. एका दमात. तुम्ही, रागावू नका, आजारी असल्यासारखं बोलता. शब्द संपेपर्यंत मला वाट बघावी लागते.”

सासूबाईंनी हात मांडीवर जुळवले. सव्वीस वर्षांत आपला श्रोता त्यांना पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होता आणि तो त्यांना ओळखत नव्हता. जावई काही म्हणणार होता. त्यांनी बोटाने त्याला गप्प केलं आणि संगणकाकडे बोट केलं.

जावयाने नववं प्रकरण लावलं आणि वेग दुप्पट केला.

“अजून,” परीक्षक म्हणाले. “अजून थोडा. बस.”

अडीचपट वेगावर जावयाला एक शब्द धड कळत नव्हता. बायको दारात उभी होती, तिलाही नाही. सासूबाई स्वतःच्या आवाजाकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. परीक्षकांची हनुवटी छातीवर टेकली. दोन मिनिटं झाली, चार झाली. त्यांचा चेहरा सैल पडला, आणि मग त्यांनी हात वर केला.

“हां,” ते म्हणाले. “या त्या.” आणि ज्या बाजूला सासूबाई बसल्या होत्या त्या बाजूला वळून खुर्चीतून अर्धवट उठले. “बाई, नमस्कार करतो.”

“बसा, बसा.”

“‘स’ परत आलेत. मग ती सहा प्रकरणं? त्यांत काय झालं होतं?”

“थोडी तांत्रिक अडचण,” जावयाने सुरुवात केली.

“यंत्र बिघडलं होतं आणि माणसं सभ्य होती,” सासूबाई म्हणाल्या. “सहाही पुन्हा वाचून देते.”

परीक्षकांनी काठीची घडी चाचपली. “पुस्तक तुमच्याकडेच राहील. पण एक सांगायचं आहे. पंधरा आणि सोळा आम्ही गेल्या आठवड्यात दुसरीकडे दिली. खबरदारी म्हणून. त्या मुलीने वाचूनही पाठवली. आता ती परत घेता येणार नाहीत.”

दोनशे नऊ पुस्तकांत त्यांच्या मध्ये दुसरं कुणी आलं नव्हतं.

“कशी वाचते?”

“स्वच्छ. श्वास चुकीच्या जागी घेते.”

“स्वल्पविरामाला घेत असेल. तिला सांगा, क्रियापदानंतर घ्यायचा.” त्यांनी पर्स उचलली. “म्हणजे माझी सहा आणि दोन, आठ. पाच आठवड्यांत होतील.”

“जमेल?” परीक्षकांनी विचारलं.

“दुपारीही वाचेन.”

सोमवारी नऊला काम सुरू झालं. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे होते. फिल्टर बंद होता. सासूबाईंनी नवव्या प्रकरणाचं अकरावं पान लावलं आणि वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदात ‘शासकीय शिस्तभंग’ हे शब्द आले आणि त्यातला दुसरा गुळगुळीत होऊन निघून गेला. जावयाचा डावा डोळा बारीक झाला. त्याने हात बोलायच्या बटणाकडे नेला, मागे घेतला, चार वाक्यं जाऊ दिली आणि मग बटण दाबलं.

“आई.”

आतलं वाचन थांबलं. मुद्रण जावयाकडे आल्यापासूनच्या चार वर्षांत तो मध्ये बोलला नव्हता.

“काय झालं?”

“‘शिस्तभंग’ नीट आलं नाही.”

सासूबाईंनी पानावर बोट ठेवून तो शब्द शोधला. “तुमच्याकडे की माझ्याकडे?”

जावयाने डाव्या स्पीकरकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं, मग काचेतून सरळ समोर.

“तुमच्याकडे.”

काचेपलीकडे सासूबाईंनी पाण्याचा एक घोट घेतला.

“मग लगेच का नाही थांबवलंत? अर्धं पान पुढे गेले मी.”

“सवय नाही.”

“करून घ्या. पाच आठवडे आहेत,” त्या म्हणाल्या, आणि तिसरा परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला.